नवा कॅमेरा घ्यावा का?



काही प्रश्न दिसायला लहान असतात, पण उलगडायला बसले की त्यांच्या पोटातून मोठे प्रश्न निघतात. असाच एक प्रश्न गेले दोन महिने आपल्या पाळकीय परिषदेपुढे होता. धर्मग्रामाचा कॅमेरा बदलायचा की नाही? परिषदेत त्यावर तीन वेळा चर्चा झाली, एकदा तर आवाजही चढले. मिस्सा संपल्यावर अंगणात तुम्हीही आम्हांला त्याबद्दल विचारले. म्हणून काय ठरले एवढेच न सांगता ते कसे ठरले हे लिहावे असे आम्हांला वाटले. कारण हा प्रश्न एका कॅमेऱ्यापुरता नाही. मोबाईल असो, मोटारसायकल असो की टीव्ही. ‘आहे ते चालते आहे, पण याहून चांगले मिळते आहे’ हा प्रसंग आज प्रत्येक घरात येतो.

प्रथम हकीकत सांगतो. आपला कॅमेरा बारा वर्षांपूर्वी एका कुटुंबाने लग्नाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भेट दिला. लेन्स बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांतला तो तेव्हाही सर्वांत खालच्या पायरीचा, नवशिक्याने घ्यावा असा होता. बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन, दृढीकरण, लग्ने, सणाची मिरवणूक, सारे त्याने टिपले. तो सांभाळणारा आपला युवक त्याला डोळ्यांत तेल घालून जपतो. परंतु गेल्या नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साचे फोटो पाहून सर्वांचा विरस झाला. गव्हाणीपुढची मुले काळपट आणि हललेली. फ्लॅश मारला तर पुढचे चेहरे पांढरेफटक आणि मागची वेदी अंधारात. “फादर, याच्याहून चांगले आमच्या मोबाईलमधी येतात जी,” असे एका भगिनीने सुनावले, आणि ते खोटे नव्हते.

ही गोष्ट कानावर गेल्यावर, नोकरीनिमित्त पुण्यात राहणाऱ्या आपल्या एका कुटुंबाने नव्या कॅमेऱ्यासाठी ६०,००० रुपये देऊ केले. रक्कम ऐकताच परिषदेतल्या एका शेतकरी बांधवाने हिशेब मांडला. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे हा कॅमेरा सुमारे साडेसात क्विंटल कापसाचा झाला. कोरडवाहू जमिनीत तेवढा कापूस किती एकरांतून निघतो आणि तो वेचायला किती पाठी वाकतात, हे हिंगणीच्या माणसाला सांगायला नको.

मग दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, हा निव्वळ चोचला आहे. त्यांनी लूकच्या शुभवर्तमानातील त्या धनवान शेतकऱ्याची आठवण दिली. त्याची कोठारे अपुरी पडली, म्हणून त्याने ती पाडून मोठी बांधायचे ठरवले, आणि त्याच रात्री त्याला देवाघरचे बोलावणे आले. दुसरा पक्ष म्हणाला, देणारा देतो आहे, आपण का अडवायचे? त्यांनी बेथानीच्या मरियेची आठवण दिली. तिने येशूच्या चरणी मोलाचे सुगंधी तेल ओतले. हे तेल ३०० दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असे विचारणारा यहुदा होता, आणि प्रभूने बाजू घेतली ती मरियेची. एक दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी. म्हणजे ते तेल जवळजवळ वर्षभराच्या कमाईचे होते! दोन्ही पक्षांना शुभवर्तमानातच आधार मिळाला. आम्हां धर्मगुरूंची अडचण नेहमी अशीच होते.

येथे एक कबुली द्यायला हवी. आम्ही वरून तटस्थ बसलो होतो, पण आमचे मन तटस्थ नव्हते. बोरधरणाकडे जाणारा रस्ता आपल्या गावातूनच जातो. २०१४ मध्ये बोरला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाल्यापासून या रस्त्याने जाणाऱ्या जिप्सी आणि त्यांतल्या हातभर लांबीच्या लेन्स आम्हीही पाहतो. चहाच्या टपरीवर परतलेल्या पर्यटकांशी कधी बोलणे होते. एकदा एक गृहस्थ अगदी खट्टू होऊन बसले होते. वाघ दिसला नाही का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, “दिसला हो, अगदी समोर दिसला. पण फोटो चांगला आला नाही.” आम्ही मनात हसलो. पण त्याच रात्री नव्या कॅमेऱ्यांची माहिती वाचत आम्ही तासभर जागे राहिलो, आणि प्रार्थनेचे पुस्तक बाजूला तसेच पडून राहिले. तेव्हा हसण्याचा अधिकार आम्हांला उरला नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक सवय लावली जाते. उत्तर शोधण्याआधी प्रश्न नीट मांडावा. म्हणून आम्ही त्या युवकाला जवळ बसवून विचारले, नेमके अडते कुठे? त्याने जे समजावले ते तुम्हांलाही उपयोगी पडेल. जाहिरातीत मेगापिक्सेलचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. चार बाय सहा इंचांचा नेहमीचा फोटो उत्तम छापायला सुमारे २२ लाख ठिपके पुरतात, आणि ए-फोर कागदाएवढा फोटो छापायला सुमारे ८७ लाख. आपल्या जुन्या कॅमेऱ्यात एक कोटी ठिपके आहेत. आपण याहून मोठा फोटो कधी छापला, ते आम्हांला आठवत नाही. शिवाय २४ मेगापिक्सेलच्या नव्या कॅमेऱ्याने फोटो अडीचपट रुंद होत नाही. रुंदी आणि उंची दोन्हींत वाटणी होऊन तो जेमतेम दीडपट रुंद होतो.

खरी अडचण उजेडाची आहे. आपल्या चर्चमध्ये रात्री प्रकाश कमी, आणि कॅमेऱ्यासोबत आलेल्या साध्या लेन्सचे तोंड लहान. झूम ताणल्यावर तर ते आणखी लहान होते. प्रकाश कमी आत आला की कॅमेरा झडप जास्त वेळ उघडी ठेवतो, आणि तेवढ्यात मुले हलतात. त्याच कॅमेऱ्याला मोठ्या तोंडाची, झूम नसलेली ५० मिलिमीटरची लेन्स लावली, तर तेवढ्याच झूमवर साध्या लेन्सपेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. तिची किंमत दहा-बारा हजार. म्हणजे ज्याला आपण कॅमेऱ्याचा दोष म्हणत होतो, तो बराचसा लेन्सचा आणि त्याहून अधिक आपल्या दिव्यांचा होता. दोन महिने आपण चुकीच्या प्रश्नावर भांडत होतो!

१९७५ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्यात फक्त दहा हजार ठिपके होते. एक फोटो साठवायला त्याला २३ सेकंद लागत, आणि वजन साडेतीन किलोहून अधिक होते. त्या हिशेबाने आपला बारा वर्षांचा ‘जुनाट’ कॅमेरा हजारपट सरस आहे. पण माणूस मागे वळून मोजत नाही, शेजाऱ्याकडे पाहून मोजतो. म्हणून ‘पुरेसे’ ही जागा कधी येतच नाही. आपण जवळ जावे तशी ती पुढे सरकते.

मग ‘पुरेसे’ ठरवायचे कशावरून? येथे संत थॉमस अक्वायनस आपल्या मदतीला येतात. तेराव्या शतकात लिहिलेल्या आपल्या ‘सुम्मा’ या महाग्रंथात लोभाविषयी विचार करताना ते औषधाचा दाखला देतात. आरोग्य हवे तेवढे असावे, त्याला कोणी मर्यादा घालत नाही. पण औषधाला मर्यादा असते, आणि ती आरोग्यावरून ठरते. जास्त घेतले म्हणून जास्त बरे होत नाही. धन आणि वस्तू औषधासारख्या आहेत. त्या कशासाठी तरी असतात, आणि ज्यासाठी असतात त्यावरूनच त्यांचे माप ठरते. ते माप विसरून वस्तूची ओढ लागते, तेव्हा लोभ सुरू होतो. म्हणून ‘कोणता कॅमेरा?’ या प्रश्नाआधी ‘कशासाठी?’ हा प्रश्न येतो.

पण संत थॉमस तेथेच थांबत नाहीत, आणि ही गोष्ट पहिल्या पक्षाने नीट ऐकावी. थोर कार्याला साजेसा मोठा खर्च करणे हा त्यांच्या मते एक सद्गुण आहे. जेथे कार्याला खर्चाची गरज आहे तेथे हात आखडणे हा दोष आहे. कंजूषपणाला साधेपणाचा झगा घालता येत नाही. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनीही १९९१ च्या आपल्या विश्वपत्रात हेच बजावले होते. अधिक चांगले जगावेसे वाटणे यात काही वावगे नाही. अधिक जवळ असणे म्हणजेच अधिक चांगले असणे, असे वाटू लागले की घसरण होते.

याचा एक जिवंत दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. सेवाग्रामला आपण अनेकदा सहलीला जातो, बापूकुटी पाहतो. त्या अपरिग्रही आश्रमात एक महागडा कॅमेरा होता, हे किती जणांना ठाऊक आहे? गांधीजींच्या पुतण्याचा मुलगा कनू गांधी हा तरुण आश्रमात राहून कामे करी. त्याला फोटोग्राफीची ओढ लागली. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्याने रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि रोल घेतला. गांधीजींनी त्याला नाही म्हटले नाही. त्यांनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही, कोणाला ‘असे बसा, तसे उभे राहा’ सांगायचे नाही, आणि आश्रम या छंदाला पैसे देणार नाही. १९३८ पासून पुढची दहा वर्षे कनूने खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात बापूंचे फोटो काढले. गांधीजींच्या शेवटच्या दशकाचे जवळचे, घरगुती दर्शन आज जगाला होते ते या फोटोंतून. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा पतीच्या मांडीवर शेवटचे क्षण मोजत होत्या, तेव्हा मात्र गांधीजींनी कनूला फोटो काढू दिला नाही.

या गोष्टीत आम्हांला दोन गोष्टी दिसतात. साधेपणा म्हणजे साधनाला नकार नव्हे, साधनाला लगाम. आणि दुसरी, त्या जुन्या कॅमेऱ्याच्या घडणीतली. त्यात वरून पाहावे लागे. तो पोटाशी धरून, मान खाली घालून, समोरच्याचे चित्र पाहायचे. म्हणजे फोटो काढणारा प्रत्येक वेळी समोरच्यापुढे मान लववीत असे. आज आपण हात उंचावून फोटो काढतो.

आमची विचारांची गाडी येथवर आली होती, आणि एक घटना घडली. आपल्या धर्मग्रामातील एक आजी रात्री देवाघरी गेल्या. पहाटे त्यांचा मुलगा धर्मगुरूनिवासाच्या दारात आला. अंत्यविधीच्या वेळी ठेवायला आईचा फोटो घरात नव्हता. ओळखपत्रावरचा होता, पण तो पाहून नातवंडे म्हणाली, ही आमची आजी नाही. आम्ही आणि तो युवक संगणकापुढे बसलो. बारा वर्षांचे हजारो फोटो आम्ही चाळले. वेदी होती, बिशप महोदय होते, पाहुणे होते, हारतुरे होते, आम्ही स्वतः तर शेकडो फोटोंत होतो. त्या आजी बारा वर्षे दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसल्या. सणाच्या जेवणाचे तांदूळ त्यांनी दर वर्षी निवडले. त्यांचे फोटो सापडले तीन. दोनांत त्यांची पाठ होती. तिसऱ्यात त्या अंगणात सूप घेऊन बसल्या होत्या आणि कोणाच्या तरी बोलण्यावर हसत होत्या. फोटो जरा हललेला होता. तोच मोठा करून ठेवला. मुलगा बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “माय अशीच बसे जी, फादर.”

बंधू-भगिनींनो, त्या सकाळी आमचा प्रश्न सुटला, आणि आम्ही लाजलो. त्या हजारो फोटोंत आजी नव्हत्या, याला कॅमेरा जबाबदार नव्हता. साठ हजारांचा असता तरी तो बिशप महोदयांकडे आणि आमच्याकडेच रोखलेला राहिला असता. कॅमेरा तिकडेच वळतो जिकडे नजर वळते, आणि नजर कोठे वळवायची ते मन ठरवते. ज्यांना आपण पाहतच नाही, त्यांचा फोटो कोणता कॅमेरा काढील? मंदिराच्या दानपेटीत धनवान लोक मोठ्या रकमा टाकत होते, तेव्हा येशूची नजर दोन नाणी टाकणाऱ्या विधवेवर गेली. सर्वांच्या देखत ती घडली, पण दिसली फक्त प्रभूला.

निर्णय घेण्यापूर्वी आम्ही संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेतील एक चिंतन परिषदेपुढे ठेवले. तीन प्रकारची माणसे आहेत. प्रत्येकाला १०,००० डुकाट मिळाले आहेत, आणि त्या पैशाची आसक्ती सुटावी असे प्रत्येकाला वाटते. पहिला उद्या-उद्या करीत मरून जातो. दुसरा म्हणतो, आसक्ती जावी, पण पैसा राहावा. म्हणजे देवानेच याच्या मर्जीकडे यावे! तिसरा ठेवण्याचाही हट्ट धरीत नाही आणि टाकण्याचाही नाही. देवाच्या सेवेला जे अधिक उपयोगी, ते तो करतो. आम्ही सर्वांना विचारले, आपण यांतले कोण? नवा कॅमेरा हवाच म्हणणारे आणि नकोच म्हणणारे, दोघेही हट्टी असू शकतात. थोडा वेळ कोणी बोलले नाही. चर्चेचा सूर बदलला तो तेथून.

मग असे ठरले. सध्याचा कॅमेरा राहील. त्याला ती मोठ्या तोंडाची लेन्स घ्यायची. वेदीजवळ आणि गव्हाणीच्या कोपऱ्यात दोन चांगले दिवे लावायचे. येत्या सणापूर्वी धर्मग्रामातील प्रत्येक वृद्धाचा त्यांच्या घरी जाऊन फोटो काढायचा, आणि तो छापून त्या घरी द्यायचा. फोटो संगणकात पडून राहिला तर तो कोणाचाच नसतो. पुण्याच्या कुटुंबाला आम्ही हे सारे कळवले. या तीन कामांपुरते पैसे त्यांनी आनंदाने पाठवले. उरलेले त्यांच्यापाशीच राहतील. कॅमेरा खरोखरच थकला तर त्यांच्याकडे हात पसरायला आम्ही लाजणार नाही.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. निर्णय ऐकून त्या युवकाचा चेहरा पडला. तो हंगामात मजुरी करतो आणि लग्नसराईत उसन्या कॅमेऱ्याने फोटोंच्या ऑर्डरी घेतो. नवा कॅमेरा हाती आला असता तर त्याचा हात अधिक बसला असता. त्याचे म्हणणे आम्ही आधी ऐकायला हवे होते. संत थॉमस यांचेच माप त्याला लावले तर उत्तर वेगळे येते. त्याच्यासाठी कॅमेरा हा शेतकऱ्याच्या बैलजोडीसारखा आहे. पोटासाठी लागणारे चांगले अवजार घेणे हा लोभ नव्हे. म्हणून परिषदेने एकमताने ठरवले की स्वतःचा कॅमेरा घेईपर्यंत त्याने धर्मग्रामाचा कॅमेरा आणि नवी लेन्स आपल्या ऑर्डरींसाठी वापरावी. तुमच्या घरी कार्य असेल तर त्याला बोलवा, आणि ‘आपलाच मुलगा आहे’ म्हणून पैसे बुडवू नका.

तुमच्या घरीही असा प्रसंग येईल तेव्हा तीन प्रश्न स्वतःला विचारा. हे कशासाठी हवे आहे? जे आहे त्याचा पुरता उपयोग आम्ही केला आहे का? आणि ज्याला आपण ओळखतही नाही अशा माणसाने हाच प्रश्न विचारला असता तर आपण त्याला काय सल्ला दिला असता? हा शेवटचा प्रश्नही संत इग्नेशियस यांचाच आहे. परक्याला आपण सहसा खरे सांगतो. या तिन्ही प्रश्नांनंतर उत्तर ‘घ्यावे’ असे आले, तर देवाचे आभार मानून निःशंक घ्या. ‘नको’ असे आले, तर तेही हसतमुखाने स्वीकारा.

पुढील रविवारपासून तो युवक कॅमेरा घेऊन घरोघरी येईल. आजी-आजोबांना नवे लुगडे, नवा सदरा घालून ताटकळत बसवू नका. ते रोज जेथे बसतात तेथेच बसू द्या. आणि फोटो निघण्याआधी घडीभर तुम्हीही त्यांच्याकडे नीट पाहा.

ज्याची दृष्टी तिसऱ्या बाकापर्यंत पोहोचते, तो प्रभू येशू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू